रविवारचं भाडं

लिंबायत, सुरत
दि. २१ नोव्हेंबर १९९६

चि. कुंदनराव यांना मंगलाबाईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुम्ही सगळे बेटावदला खुशाल असाल. विहीणबाईंच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? थंडीत त्यांना फार त्रास होतो, एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगा. चि. योगिता आता उभं राहायला बघत असेल. तिला दात आले का? दात येताना पोट बिघडतं, घाबरून लगेच सुई देऊ नका. दिवाळीला मी तिच्यासाठी एक झबलं शिवलं आहे. मापाचा अंदाज नव्हता, म्हणून थोडं मोठंच ठेवलं आहे.

दिवाळीत आम्ही काही केलं नाही. बहिणीच्या घरी फराळ नसेल म्हणून बन्सीलालच्या घरून ताट आलं होतं, ते शेजारी देऊन टाकलं. चलथाणचा साखर कारखाना सुरू झाला आहे. तिकडे ऊसतोडीला निघालेलं नवापूरकडचं एक जोडपं पुढच्या खोलीत आठ दिवस राहून गेलं. चांगली माणसं होती. जाताना खोली सारवल्यासारखी स्वच्छ करून गेली.

आता कामाचं लिहिते.

विम्याचं प्रकरण अजून लोंबकळत आहे. मागे मी आणि बन्सीलाल ऑफिसात जाऊन आलो. साहेबांनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढून मागच्या दोन खोल्या बांधल्या, तेव्हा पतपेढीनेच घराचा विमा उतरवून दिला होता. हे गेल्यावरही मी दरवर्षी हप्ता भरत आले. आत काय लिहिलं आहे ते कधी कुणाला विचारलं नाही. तर त्यात 'राहतं घर' एवढंच लिहिलं आहे. आठ-पंधरा दिवसांसाठी खोली भाड्याने द्यायची म्हणजे तो धंदा झाला, त्याचा विमा वेगळा असतो, हप्ताही जास्त असतो. भाडेकरूच्या हातून काही झालं किंवा भाडेकरूला काही झालं, तर ते त्या दुसऱ्या विम्यात येतं. आपल्यात येत नाही. गावाकडून आलेल्या माणसाला लूमवर काम लागेपर्यंत डोक्यावर पत्रा द्यायचा, ह्याला कुणी धंदा म्हणेल असं ह्यांच्या मनातही आलं नसेल.

म्हणून कोपऱ्यातल्या खोलीचं काही मिळणार नाही. आग तिथूनच लागली आणि तिथे भाडेकरू होते. तिचं मी सोडून दिलं. पण तिला लागून असलेली तुमची खोली घरातच धरता येईल, असं साहेब म्हणतात. मुलगी-जावई म्हणजे घरचेच. अडचण एवढीच आहे की, साहेब पाहणीला आले होते तेव्हा तुम्ही जे बोललात ते त्यांनी लिहून घेतलं आहे. ते फिरवायला तुमची सही लागते.

बन्सीलालने वकिलाकडून कागद करून आणला आहे. तुम्ही घरजावई म्हणून राहत होता, भाडं कधी दिलं नाही, आणि त्या दिवशी मन ठिकाणावर नसल्यामुळे तसं बोललात, एवढंच त्यात आहे.

तुम्हाला हे वाचून बरं वाटणार नाही, हे मला कळतं. पण मागची भिंत उघडी पडली आहे. ताडपत्री लावली आहे ती वाऱ्याने फडफडते. पतपेढीचा माणूस येऊन दारात बसतो, गल्ली बघते. तुमच्या एका सहीने हे मिटणार असेल तर नाही म्हणू नका.

बन्सीलाल पुढच्या आठवड्यात भुसावळ पॅसेंजरने तिकडे येईल. झबलं त्याच्याबरोबर देते. मी येत नाही, प्रवास झेपत नाही. दहाव्यानंतर तुम्ही योगिताला घेऊन निघालात तेव्हा मी आतल्या खोलीत होते. डोकं दुखत होतं म्हणून बाहेर आले नाही. गैरसमज नसावा.

विहीणबाईंना नमस्कार.

मंगलाबाई दगा बोरसे


लिंबायत, सुरत
रविवार, दि. १९ जानेवारी १९९७

चि. कुंदनराव यांना अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाली. योगिताचं बोरन्हाण केलंत का? पहिली संक्रांत होती तिची. नसेल केलं तर रथसप्तमीपर्यंत चालतं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, एवढं पुरे. हलव्याचे दागिने नसले तरी चालतात. इकडे उतराणीला नेहमीसारखे पतंग उडाले. गल्लीतली पोरं दरवर्षी आपल्या मागच्या पत्र्यांवर चढायची आणि मी खालून ओरडायचे. ह्या वर्षी ती शेजारच्या घराच्या धाब्यावर चढली. मी दिवसभर कुणावर ओरडले नाही.

बन्सीलाल तुमच्याकडून परत आला, त्याला आता बरेच दिवस झाले. मी पत्र लिहायला घेत होते आणि ठेवत होते.

त्याने येऊन सगळं सांगितलं. तुम्ही माझं पत्र उभ्यानेच वाचलंत, मग कागद वाचलात आणि त्याच्याकडे पेन मागितलं. त्याने तुम्हाला समजवायला म्हणून काय-काय ठरवून नेलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. सही करून तुम्ही आत गेलात आणि योगिताला बाहेर घेऊन आलात. ती खाटेला धरून चालते, म्हणाला. झबलं तिला अजून मोठं होतं, तरी तुम्ही तेच घातलंत. मी कशी आहे, असं तुम्ही त्याला विचारलंत. बरी आहे, असं त्याने सांगितलं.

मला वाटलं होतं, तुम्ही सही करणार नाही. खरं लिहिते, तुम्ही करू नये असं वाटत होतं. तुम्ही नाही म्हटलं असतं तर मला तुमच्यावर रागावून बसता आलं असतं. ऑगस्टपासून तेच करत होते, त्याची सवय झाली होती.

कागद मी देवाच्या फळीवर ठेवला. बन्सीलाल रोज येऊन विचारायचा, ऑफिसात कधी जायचं. आज पाणी यायचं आहे, उद्या अमावस्या आहे, असं मी सांगत राहिले. शेवटी तो चिडला. त्याचंही बरोबर आहे. आपली रिक्षा बंद ठेवून तो माझ्यासाठी चार ठिकाणी फिरला. म्हणून मागच्या बुधवारी गेलो.

साहेब तेच, चष्म्यावरून बघणारे. माणूस वाईट नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, कागद नीट वाचला, तुमची सही जुन्या सहीशी ताडून पाहिली. ठीक आहे, म्हणाले. बन्सीलालचा चेहरा खुलला. साहेबांनी शिक्का उचलला आणि मग सहज विचारल्यासारखं मला विचारलं, "बेन, दिकरी पासेथी भाडुं लेता हता?"

नाही म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं माझं तिथे. वाटेत बन्सीलालने ते मला दोनदा पढवलं होतं.

मी म्हटलं, "घेत होते, साहेब. लेकीकडून दर रविवारी घेत होते."

मराठीतच बोलले, पण त्यांना समजलं. त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि मग हा कागद कसा, असं विचारलं. मी सांगितलं की, जावयाने त्यावर माझ्यासाठी सही केली आहे. ते खोटं बोलणारे नाहीत, पाहणीच्या दिवशी ते बोलले तेच खरं होतं. बन्सीलाल उठून बाहेर गेला. मग साहेबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि प्रकरण बंद करावं लागेल, असं सांगितलं. करा म्हटलं.

कुंदनराव, आता जे लिहिते ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. मी कुणाजवळ बोललेली नाही.

लग्नानंतर तुम्ही दोघं मागच्या खोलीत राहायला आलात, तेव्हा पहिल्या रविवारी रूपाली भाडं घेऊन आली. मी घेतलं नाही. वेडी आहेस का, म्हटलं, आई कधी लेकीकडून भाडं घेते का? तर ती चुलीपाशी बसली आणि हळूच म्हणाली, "माय, तू नाही घेतलंस तर ते उद्याच नवागामला खोली बघतील. लूमवर त्यांना सगळे घरजावई म्हणून चिडवतात. तू घेतलंस तर मी तुला रोज दिसेन."

मी घेतलं.

त्यानंतर दर रविवारी तिचा खेळ चालायचा. आपल्याला आतून दार होतं, तरी ती मुद्दाम बोळातून फिरून गल्लीत यायची, पुढच्या दाराची कडी वाजवायची आणि पुरुषासारखा आवाज काढून विचारायची, "मालकीणबाई शेतस का घरमा?" मी पण आतून म्हणायचे, आहे घरात, कोण आहे ते, आज खोली खाली नाही. मग ती हसत आत यायची, भाडं माझ्या पदरात टाकायची आणि म्हणायची, झालं, आता भाडेकरू गेला, लेक आली, चहा टाक. पोटुशी होती तेव्हाही ती बोळातूनच यायची. योगिता झाल्यावर तिला कडेवर घेऊन यायची, आणि तिच्या मुठीत नोट देऊन माझ्याकडे हात करायला लावायची.

त्या साहेबांसमोर नाही म्हटलं असतं, तर हे सगळं झालंच नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं. मला ते जमलं नाही. माझ्याकडे तिचं आता एवढंच आहे. खोली जळाली, कपडे जळाले, लग्नातला फोटोसुद्धा तुमच्याच भिंतीवर होता.

आता दुसरं. हे लिहायला मला पाच महिने लागले.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही राखेत उभे होता. साहेब म्हणाले, मुलगी-जावई म्हणजे घरचीच माणसं ना? हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तुम्ही म्हणालात, "मी भाडं देत होतो, साहेब. आम्ही फुकट राहत नव्हतो." साहेब गेले आणि मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला बोलले. तुम्हाला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. "तू माझ्या लेकीला माझ्याच घरात भाडेकरू केलंस," असं म्हटलं मी.

तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला उत्तर देता आलं असतं. ते भाडं मी कशासाठी घेत होते, हे मला माहीत होतं आणि तरी मी तसं बोलले. तिला जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते आणि कुणाला तरी दोष द्यायला मला माणूस हवा होता. तुम्ही समोर होता. मग दहावं होईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही निघालात तेव्हा डोकं दुखत नव्हतं. योगिता माझ्याकडे यायला रडत होती, ते ऐकत मी आत बसून राहिले.

इस्पितळातली एक गोष्ट मी तुमच्यापासून ठेवली. ती सांगायला हवी.

आग लागली तेव्हा तुम्ही दिवसपाळीला होता. तुम्हाला लोकांनी जे सांगितलं ते ऐकीव होतं. मी तिथे होते. कोपऱ्यातल्या खोलीतला तो नवा माणूस, मगन, चहा करायला बसला होता. स्टोव्ह भडकला तसा तो ओरडत बाहेर पळाला. रूपाली तेव्हा नळावर कपडे धूत होती. योगिता माझ्याजवळ पुढे होती. म्हणजे ती बाहेरच होती, कुंदनराव. तिला काही होण्याचं कारण नव्हतं. पण त्या खोलीत निंबा झोपला होता, रातपाळी करून आलेला. आठ दिवसांपूर्वी खोली घेतलेला माणूस. मी तिला हाक मारली, जाऊ नको म्हटलं. तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या घरातलं माणूस आहे ते, माय." आणि आत गेली.

तिने त्याला उठवलं, ढकलत बाहेर काढलं. तोपर्यंत आग तुमच्या खोलीत शिरली होती. धागे कापायला आणलेल्या साड्यांचे गठ्ठे तिथे रचलेले होते. ते नायलॉन किती लवकर पेटतं ते तुम्हाला मी काय सांगू. निंबा निघाला, आणि तिच्यावर वासा आला.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही औषध आणायला खाली गेला होता. तिने डोळे उघडले. योगिताचं विचारेल, तुमचं विचारेल म्हणून मी वाकले. तिने विचारलं, "निंबाकाका निघाले का?" मी हो म्हटलं. तिने डोळे मिटले. तुम्ही वर आलात तेव्हा ती झोपलेलीच होती आणि मग उठलीच नाही.

मी तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या मनात त्या निंबाबद्दल इतकं विष होतं की, त्याचं नाव तिच्या तोंडात शेवटी यावं हे मला सहन होत नव्हतं. तुम्हालाही होणार नाही असं वाटलं. पण तिचे शेवटचे शब्द माझ्या एकटीकडे ठेवायचा मला हक्क नाही. ती तुमची बायको होती.

साहेब विचारत होते, ती घरची की भाडेकरू. ऑफिसातून येताना रिक्षात माझ्या मनात आलं की, दुसरा कुणी भाडेकरू त्या माणसासाठी आत गेला नसता. मगन गेला नाही. तीच गेली, कारण घर तिचं होतं. साहेबांना हे सांगायला परत जावं असं वाटलं. मग वाटलं, त्यांच्या कागदात हे कुठे लिहिणार?

निंबा संक्रांतीच्या आधी आला होता. पाठीची कातडी अजून लाल आहे, सदरा घालता येत नाही, उपरणं पांघरून येतो. मी त्याला आत बोलावलं नाही. तो ओट्यावर बसला. जायला उठताना म्हणाला, "बाई, भिंत बांधून देतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या गावचे दोघं गवंडी घेऊन आला. विटा कुठून आणल्या ते मी विचारलं नाही. आज भिंत छातीइतकी झाली आहे. मी तिघांना चहा देते. अजून त्याच्याशी बोलता येत नाही, पण चहा देते.

पतपेढीच्या लोकांशी मी बोलले. कोपऱ्यातली खोली आणि तिच्यासमोरची मोकळी जागा विकायची असं ठरलं आहे. गिऱ्हाईक गल्लीतलंच आहे. कर्ज त्यात मिटेल. तुमची खोली मी विकत नाही. बन्सीलाल ऑफिसातल्या त्या दिवसापासून घरी आलेला नाही. येईल तो. लहानपणापासून असाच आहे, आठ दिवस रुसतो आणि मग मेथीची जुडी घेऊन येतो.

पुढची खोली मी अजून आठवड्याने देते. पोटाला लागतं. त्याच साहेबांकडे जाऊन आता दुसरा विमा घेतला, भाडेकरूंसाठीचा. त्यात भाडेकरूला इजा झाली तर तेही येतं. फॉर्म त्यांनीच वाचून दाखवला, मी एक-एक गोष्ट खरी सांगितली. किती माणसं राहतात, स्टोव्ह कुठे पेटवतात, सगळं. हप्ता जड आहे. पण गावाकडून आलेलं माणूस माझ्या छपराखाली झोपतं, त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. हे आधी का सुचलं नाही, असं रोज वाटतं.

तुमचा सही केलेला कागद ह्या पाकिटात घातला आहे. तुम्ही तुमचा मान मोडून माझ्यासाठी सही केलीत. ती सही माझ्याकडे राहू नये. फाडून टाका.

विहीणबाई तुमच्यासाठी स्थळं बघतात, असं बन्सीलाल म्हणाला. त्याने ते मला सांगावं की नाही ह्या विचारात दोन दिवस घालवले. मला एक रात्र झोप आली नाही, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात आणि पोरीला आई हवी. करा लग्न. हो म्हणताना माझ्याकडे बघून थांबू नका. मुलगी पसंत करताना एवढं बघा की, तिला दुसरीचं लेकरू जवळ घेता येतं का. बाकी रंगरूप, हुंडा, हे विहीणबाईंना समजावून सांगा.

लग्न झालं की तिला घेऊन या. आपल्यात गेलेल्या लेकीच्या जागी आलेलीला माहेर देतात. मी तिची ओटी भरीन, चोळी-पातळ करीन. तिला इथे परकं वाटणार नाही ह्याची काळजी मी घेईन. तिने मला काय हाक मारायची ते तिच्यावर सोडा. फक्त योगिताला माझी ओळख राहू द्या. ती मला विसरली असेल. एवढ्या लहान वयात किती लक्षात राहणार? मला बघून रडली तरी चालेल, मी घाई करणार नाही.

तुम्ही येऊ शकत नसाल तर मी येते. प्रवास झेपत नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. उधन्याला गाडीत बसलं की सरळ बेटावद. येऊ की नको, एवढं दोन ओळीत कळवा. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही, तुम्हाला तो अधिकार आहे. पण कळवा.

आज रविवार आहे. दुपार झाली. गल्लीत कुणी कडी वाजवली की अजून माझा हात चहाच्या पातेल्याकडे जातो.

मला क्षमा करा, कुंदनराव.

रूपालीची आई,
मंगला